विकत घेतलेला गेम चालत नाही, क्रॅक केलेला चालतो – हे असं का?

जुनी_हार्डडिस्क | शुक्रवार, २२:०५

१९९८ ते २००८ च्या दरम्यान दुकानातून पावती घेऊन आणलेल्या पीसी गेमची सीडी घरात असेल, तर ती विंडोज १० किंवा ११ च्या मशीनमध्ये घालून बघा (सीडी ड्राइव्ह मिळाला तर!). त्यातल्या बऱ्याच सीड्यांचं एकच होतं. ड्राइव्ह घरघरतो, कर्सर गोल फिरतो आणि मग काहीच नाही. त्याच गेमची त्याच काळातली क्रॅक केलेली कॉपी मात्र बऱ्याचदा डबल क्लिक केली की उघडते. पैसे मोजणारा बाहेर आणि फुकट्या आत.

कारण तांत्रिक आहे, आणि मजेशीर आहे. मॅक्रोव्हिजन कंपनीचं सेफडिस्क नावाचं प्रोटेक्शन तेव्हा ढिगाने गेमवर असायचं. सीडी छापतानाच तिच्यावरचे काही हजार सेक्टर (डेटाचे छोटे तुकडे) मुद्दाम खराब ठेवायचे. गेम सुरू होताना तपासायचा की हे सेक्टर वाचताना एरर येते का. आली तर सीडी अस्सल! घरच्या रायटरवर कॉपी मारली की रायटर एक तर त्या सेक्टरांवर अडायचा, नाही तर इमानदारीत 'दुरुस्त' करून लिहायचा. दोन्हीकडून कॉपी पकडली जायची. पुढच्या आवृत्त्यांत 'वीक सेक्टर' आले, म्हणजे बिटांची अशी रचना की स्वस्तातल्या रायटरला ती धड लिहिताच येऊ नये.

ही तपासणी करायला विंडोजच्या पार गाभ्यात, कर्नलमध्ये, सेकडीआरव्ही नावाचा ड्रायव्हर बसायचा. एक्सपीबरोबर तर तो मायक्रोसॉफ्टच द्यायची. २००७ मध्ये त्यात भोक सापडलं. कुठलाही साधा प्रोग्रॅम त्यातून संपूर्ण मशीनचा ताबा घेऊ शकत होता. शेवटी २०१५ मध्ये विंडोज १० आलं ते या ड्रायव्हरला बाहेर ठेवूनच, आणि विंडोज ७, ८ वरही सुरक्षा अपडेट टाकून तो बंद केला गेला. सिक्युरॉम या तशाच दुसऱ्या प्रोटेक्शनच्या जुन्या आवृत्त्यांचीही तीच गत झाली. मायक्रोसॉफ्टचा निर्णय चूक नव्हता, असला ड्रायव्हर कोण ठेवून घेईल? पण क्रॅकमधून तपासणीच काढून टाकलेली असते, त्यामुळे क्रॅकवाल्याला ड्रायव्हर असला काय नि नसला काय. अडकला तो सीडीवाला.

माझं म्हणणं एवढंच की प्रोटेक्शनचं आयुष्य गेमपेक्षा कमी असतं, आणि जाताना ते गेमला बरोबर घेऊन जातं. सीडी गेल्या, आता सगळं डाउनलोडवर आहे, पण हा घोळ मिटलाय असं मला वाटत नाही. उलट वाढलाय. तुम्हाला काय वाटतं?

(क्रॅकच्या लिंका मागू नका, देऊ नका. धागा उडेल.)

मोरावळा | शुक्रवार, २२:३१

सीडीच्या आधीची गंमत राहिली की हो. प्रिन्स ऑफ पर्शिया! सुरुवातीची पातळी ओलांडली की एका खोलीत यायचो. तिथे ओळीने बाटल्या आणि प्रत्येकीवर एक अक्षर. खाली सूचना यायची, मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या तमुक ओळीतल्या तमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधा आणि ती बाटली प्या. चुकीची प्यायली की राजपुत्र आडवा.

आता मॅन्युअल कोणी पाहिलं होतं? फ्लॉपी दादाच्या कॉलेजातून आलेली. आम्हा भावंडांना बरीच वर्षं वाटायचं की हे गेममधलंच कोडं आहे आणि नशिबावर चालतं. बरोबर अक्षर लागलं की आत्या देवापुढे साखर ठेवायची.

जुनी_हार्डडिस्क | शुक्रवार, २२:४०

मोरावळाताई, साखर!! :))

त्याच काळात, १९९० मध्ये, मंकी आयलंडबरोबर पुठ्ठ्याची चकती यायची. एकात एक फिरणाऱ्या दोन चकत्या, एकीवर चाच्यांच्या चेहऱ्याचा वरचा भाग, दुसरीवर खालचा. स्क्रीनवर चेहरा दिसायचा आणि प्रश्न यायचा की या चाच्याला अमक्या बंदरात कोणत्या साली फाशी दिलं. चकती फिरवून चेहरा जुळवायचा आणि खिडकीत दिसणारं साल टाइप करायचं. पानाची झेरॉक्स निघते, चकतीची काढताना वैताग येईल असा हिशेब. लोकांनी दोन्ही चकत्या वेगवेगळ्या झेरॉक्स करून मध्ये टाचणी मारली.

लॅमिंग्टन_रिटर्न्स | शुक्रवार, २३:१२

हा धागा म्हणजे आमच्या कॉलेजच्या दिवसांवर घाव आहे. लॅमिंग्टन रोडला फूटपाथवर प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या सीड्या, वर कलर झेरॉक्सचं कव्हर. विकणारा विचारायचा, 'सिंगल पायजे का टेन इन वन?' टेन इन वनमध्ये गाणी आणि व्हिडिओ कापलेले असायचे, म्हणून भाव कमी. सीडीत 'क्रॅक' नावाचं फोल्डर असायचं, त्यातली फाइल उचलून गेमच्या फोल्डरमध्ये टाकायची, 'रिप्लेस?' विचारलं की येस. हे ज्ञान मला शाळेतल्या कुठल्याही विषयापेक्षा आधी आलं. ओरिजिनल गेम कोणी घेतो हे कळलं नोकरी लागल्यावर.

आणि खरं सांगू का, तेव्हा ओरिजिनल मिळायचा कुठे? दोन-चार मोठ्या दुकानांत, तोही परदेशात येऊन गेल्यावर कधीतरी.

फुकट_फौजदार | शनिवार, ००:१८

मी आजही क्रॅकच वापरतो आणि मला काही अपराधी वगैरे वाटत नाही. साडेचार-पाच हजाराला एक गेम, वर दिवसभर नेट चालू ठेवा, वर त्यांचं लाँचर, वर त्यांचं खातं. कंपन्या गिऱ्हाइकाला चोर समजतात, मग चोर व्हायला काय हरकत आहे? २००८ ला स्पोअर आला तेव्हाचं आठवा.

जुनी_हार्डडिस्क | शनिवार, ००:३५

स्पोअर सांगण्यासारखंच आहे, फौजदार. नव्या वाचकांसाठी थोडक्यात: ईए या कंपनीने त्या गेमवर सिक्युरॉम लावलं आणि तीनच मशीनवर अ‍ॅक्टिवेशन दिलं. मशीन फॉरमॅट केलं, हार्डवेअर बदललं की त्यातलं एक खर्ची. लोक इतके चिडले की अ‍ॅमेझॉनवर एका ताऱ्याच्या रिव्ह्यूंचा ढीग लागला. त्यातल्या बहुतेकांचा रोख गेमवर नाही, अ‍ॅक्टिवेशनवर होता. ईएने तीनाचे पाच केले, पण अब्रू गेलीच. आणि हे सगळं कशासाठी? क्रॅक अमेरिकेत गेम दुकानात यायच्या आधीच नेटवर होता. त्या वर्षी टॉरेंटवरून सगळ्यात जास्त फुकट उतरवलेल्या गेममध्ये स्पोअर वरच्या नंबरला.

बाकी तुमचा 'मग चोर व्हायला काय हरकत' हा मुद्दा मला पटत नाही. चिडून लिहिलेल्या रिव्ह्यूंत तक्रार विकत घेणाऱ्याला होणाऱ्या त्रासाची होती.

पिक्सेल_पाटलीण | शनिवार, ११:०२

मी पुण्यात एका छोट्या गेम स्टुडिओत काम करते, नाव सांगत नाही. दुसरी बाजू मांडायलाच हवी, कारण धागा 'प्रोटेक्शन बिनकामाचं' या दिशेने निघालाय.

पहिली गोष्ट, आजच्या बऱ्याच मोठ्या गेमवर असणारं डेनुवो हे प्रोटेक्शन अनेकांना वाटतं तसं सीडीच्या प्रोटेक्शनचं नवं रूप नाही. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गची कंपनी. २०१४ मध्ये फिफा १५ पासून त्याचं नाव झालं. गेमचं लायसन तपासण्याचं काम स्टीमसारखंच (म्हणजे गेमचं ऑनलाइन दुकान) कोणीतरी करतं, डेनुवो त्या तपासणीला हात लावू देत नाही. गेममधली काही निवडक फंक्शनं तो अशा गुंतागुंतीच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (मशीनच्या आतलं बनावट मशीन) गुंडाळतो की ती उलगडायला क्रॅकरचे आठवडे, कधी महिने जातात. कायमचं कोणीच थांबवू शकत नाही, आणि डेनुवोवाले तसा दावाही करत नाहीत. ते विकतात ते पहिले काही आठवडे.

आता पहिले आठवडे का महत्त्वाचे? मोठ्या गेमची निम्मीशिम्मी कमाई तेव्हाच होते, पूर्ण किमतीत. २०२४ मध्ये एक पेपर आला होता. डेनुवो लावलेल्या ८६ गेमचा अभ्यास. पहिल्याच आठवड्यात क्रॅक झाला तर कमाईत सरासरी २० टक्के घट, आणि क्रॅक बारा आठवड्यांनंतर आला तर फरक जवळपास शून्य. हार्डडिस्कराव, यातून तुमचाही मुद्दा सिद्ध होतो आणि माझाही. तीन महिने ठेवा, मग काढून टाका. डूम या गेमने २०१६ मध्ये काही महिन्यांनी ते काढलंच. बाकीचे का करत नाहीत, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आळस हे एक उत्तर आहे. :)

दुसरं, छोट्या स्टुडिओंना डेनुवो परवडतच नाही. आमचं काय होतं ते बघायचं असेल तर गेम डेव्ह टायकूनची गोष्ट वाचा. २०१३, दोन भावांचा स्टुडिओ, आठ डॉलरचा गेम, काहीही प्रोटेक्शन नाही. गेम कशाचा, तर गेम कंपनी चालवण्याचा. रिलीजच्या दिवशी त्यांनी स्वतःच टॉरेंटवर एक 'क्रॅक' टाकला. दिसायला सेम, पण काही तास खेळलं की तुमच्या गेममधल्या कंपनीचे गेम लोक चोरायला लागतात आणि दिवाळं वाजतं. पहिल्या दिवशी खेळणाऱ्यांपैकी ९३.६ टक्के त्या फुकट कॉपीवर होते. विकत घेतलेल्या प्रती २१४. आणि मग हेच लोक फोरमवर येऊन विचारतायत, 'माझी कंपनी पायरसीमुळे बुडतेय, यात डीआरएमवर संशोधन करता येतं का?' (डीआरएम म्हणजे हे असलं प्रोटेक्शनच.)

फौजदारसाहेब, २१४.

शांताराम_ऑफलाइन | शनिवार, ११:२०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रात्रपाळी | शनिवार, १२:४४

पाटलीणबाई, आकडे मान्य. पण डेनुवोचा त्रास विकत घेणाऱ्याला होतो हेही मान्य करा. एका दिवसात ठराविकच मशीनवर अ‍ॅक्टिवेशन मिळतं, आणि स्टीम डेकवर (हातात धरायचं लिनक्सवालं गेम मशीन) प्रोटॉनची, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती बदलली तरी ते नवं मशीन धरलं जातं. चार-पाचदा बदलून बघितलं की २४ तास बाहेर. लिनक्सवर गेम चालवायचा म्हणजे आवृत्त्या बदलून बघणं हेच निम्मं काम असतं!

शिवाय नोव्हेंबर २०२१. डेनुवोच्या एका डोमेनची मुदत संपली, कोणीतरी नूतनीकरण करायला विसरलं, आणि जगभर विकत घेतलेले गेम काही तास उघडेनात. क्रॅकवाले निवांत खेळत होते. थिएटरात तिकीट काढून बसलेल्यालाच 'पायरसी गुन्हा आहे'ची जाहिरात बघावी लागते, तशातली गत.

रेसिडेंट ईव्हिल व्हिलेजचं (२०२१) तर अजून भारी. शत्रूला गोळी मारली की गेम अडखळायचा. क्रॅक आला त्यात अडखळणं गायब. मग गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने पॅच काढला.

पिक्सेल_पाटलीण | शनिवार, १३:०५

मान्य. त्यात डेनुवोच्या जोडीला कॅपकॉमचं स्वतःचं प्रोटेक्शनही होतं, दोष नेमका कुणाचा यावर अजून भांडणं आहेत. पण विकत घेणाऱ्याने भोगलं हे खरं.

लॅमिंग्टन_रिटर्न्स | शनिवार, १४:३०

सगळ्यात भारी किस्सा राहिलाच. २००८, रेनबो सिक्स व्हेगास २. युबिसॉफ्टने पॅच काढला. ज्यांनी गेम डाउनलोड करून विकत घेतला होता त्यांच्याकडेही तो पॅच सीडी मागायला लागला. डाउनलोडवाल्याकडे सीडी कुठून येणार? बोंबाबोंब झाली तेव्हा कंपनीच्या सपोर्टने 'हा घ्या उपाय' म्हणून एक फाइल दिली. लोकांनी ती एडिटरमध्ये उघडून बघितली तर आत रिलोडेड या क्रॅकर टोळीची सही! कंपनीने स्वतःच्या गेमवरचं स्वतःचं प्रोटेक्शन काढायला चोरांचा क्रॅक अधिकृत म्हणून वाटला.

मोरावळा | शनिवार, १४:४१

फुटले मी. आत्याला सांगायला हवं.

वॉर्सातला_वऱ्हाडी | शनिवार, १९:५०

बरीच वर्षं पोलंडमध्ये आहे, म्हणून इथली गोष्ट सांगतो बाप्पा. लांबण लागंन, आधीच सांगून ठेवतो.

१९९४ पर्यंत पोलंडमध्ये सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटचा धड कायदाच नव्हता. गेमची कॉपी विकणं म्हणजे काही गुन्हाच नाही. वॉर्सात ग्झिबॉव्स्का रस्त्यावर शनिवार-रविवारी कॉम्प्युटरचा बाजार भरायचा, आपल्या लॅमिंग्टनचा मोठा भाऊच समजा. त्याच बाजारात वाढलेली दोन पोरं, मार्चिन इविन्स्की आणि मिहाऊ किचिन्स्की. त्यांनी १९९४ मध्ये कंपनी काढली, सीडी प्रोयेक्ट. आधी अमेरिकेतून गेमच्या सीड्या आणून विकायचे.

१९९९ मध्ये त्यांनी बाल्डर्स गेट या गेमचे पोलंडचे हक्क घेतले. गेम पाच सीड्यांचा. बाजारात कॉपी येणार हे नक्की. प्रोटेक्शन लावून काय उपयोग, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती, तिथूनच तर आले होते. त्यांनी उलटं केलं. अख्खा गेम पोलिश भाषेत केला, पिओत्र फ्रोंचेव्स्कीसारखे नामांकित नट आवाजाला घेतले, आणि खोका असा भरला की उचलायला दोन हात लागावे: नकाशा, नियमांचं पुस्तक, गाण्यांची सीडी. पायरेट कॉपी इंग्रजीत, रिकाम्या पाकिटात. लोकांनी खोका घेतला. पोलंडमध्ये लोक गेम विकतच घेत नाहीत म्हणणारे गप झाले.

तेच लोक पुढे विचर हे गेम बनवणारे, आणि २००८ मध्ये गॉग हे गेमचं ऑनलाइन दुकान सुरू करणारे. गॉगवर पहिल्या दिवसापासून एकच नियम, डीआरएम नाही. डाउनलोड करा, हार्डडिस्कवर ठेवा, नेट लागत नाही, लाँचर लागत नाही.

विचर २ (२०११) मध्ये गंमत झाली. दुकानातल्या खोक्यावर वितरकांच्या आग्रहानं सिक्युरॉम, आणि गॉगवर तोच गेम मोकळा. आता तुम्हीच सांगा, चोरांनी कुठला वाटला असंल? इविन्स्कीनं नंतर सांगितलं, मोकळा पडलेला सोडून त्यांनी खोक्यातलाच क्रॅक करून वाटला. क्रॅक करायला काही असलं तरच त्या टोळ्यांना मजा. कंपनीनं काही दिवसांतच पॅच काढून खोक्यावरचं सिक्युरॉमही काढलं.

पण देव्हारा नका मांडू त्यांचा. विचर २ च्या वेळीच जर्मनीतल्या वकिलांकरवी डाउनलोड करणाऱ्यांना नोटिसा धाडल्या होत्या, शेकडो युरोची मागणी. यात निर्दोष लोकही सापडतात म्हणून ओरड झाली तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये थांबवल्या.

जुनी_हार्डडिस्क | शनिवार, २०:१५

वऱ्हाडी, क्या बात! ही पोस्ट स्वतंत्र धागा व्हावी.

आणि आपल्याकडचंही तसंच नाही का? स्टीम २००३ चं. २००४ मध्ये हाफ लाइफ २ खोक्यात घेतला तरी स्टीमवर अ‍ॅक्टिवेट केल्याशिवाय चालेना. तेव्हा आपल्याकडे बऱ्याच घरी डायल-अप. नंतर बीएसएनएलच्या त्या प्लॅनवर रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोफत, म्हणून लोक गजर लावून उठायचे. पण स्टीमवर किमती डॉलरमध्ये, आणि आपलं डेबिट कार्ड तिकडे चालेलच असं नाही. २०१५ मध्ये रुपयांत किमती आल्या, पुढे यूपीआय आलं, जिओने डेटा स्वस्त केला. माझ्या ओळखीतले टॉरेंटवाले बहुतेक तेव्हाच बदलले. कोणी त्यांना नीतीचं प्रवचन दिलं नाही. सेलमध्ये शे-दोनशे रुपयांत गेम, अपडेट आपोआप, सेव्ह क्लाउडवर. क्रॅक शोधून, व्हायरस तपासून, पॅच हाताने टाकत बसण्यापेक्षा ते सोपं पडायला लागलं.

स्टीमच्या गेब न्यूएलने २०११ मध्ये रशियाबद्दल हेच म्हटलं होतं की पायरसी हा बहुतेक वेळा किमतीचा नाही, सेवेचा प्रश्न असतो. मला मात्र 'किमतीचा नाही' हे आपल्याकडे लागू होतं असं वाटत नाही. रुपयातली किंमत हीच अर्धी सेवा होती. आता बऱ्याच मोठ्या गेमच्या भारतातल्या किमती पुन्हा डॉलरच्या जवळ चालल्यात, बघू फौजदारांची भरती किती होते ते.

फुकट_फौजदार | शनिवार, २०:४०

भरती चालू आहे. फॉर्म मोफत. :D

पाटलीणबाई, तो २१४ चा आकडा मात्र लागला. छोट्या स्टुडिओंचे गेम मी विकत घेत जाईन. मोठ्यांचं बघू.

रात्रपाळी | शनिवार, २१:२७

पण स्टीमवर आपण विकत काय घेतो? लायसन. गेम नाही. ऑक्टोबर २०२४ पासून पैसे भरताना तशी ओळही दिसते. कॅलिफोर्नियात कायदा झाला, १ जानेवारी २०२५ पासून लागू. लायसन देत असाल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय नुसतं 'खरेदी करा' म्हणता येणार नाही. कायमचं ऑफलाइन डाउनलोड देत असाल तर सूट.

लायसन म्हणजे काय ते जीटीए सॅन अँड्रियास हा गेम घेतलेल्यांना विचारा. नोव्हेंबर २०१४ मध्ये स्टीमवर अपडेट आलं आणि गाण्यांच्या हक्कांची मुदत संपली म्हणून रेडिओवरची बरीच गाणी गायब. विकत घेतलेल्या कॉपीतून! जुने सेव्ह चालेनासे झाले ते वेगळंच. मूळ डीव्हीडीत गाणी जशीच्या तशी आहेत.

जीटीए ४ तर २०२० च्या सुरुवातीला काही आठवडे विकणंच बंद होतं. का, तर तो मायक्रोसॉफ्टच्या गेम्स फॉर विंडोज लाइव्हवर टांगलेला, ती सेवा मायक्रोसॉफ्टने वाऱ्यावर सोडलेली, आणि अ‍ॅक्टिवेशनच्या नव्या की (कोड) बनवता येईनात. मार्चमध्ये परत आला तो मल्टिप्लेअर काढून.

शांताराम_ऑफलाइन | शनिवार, २१:५५

युबिसॉफ्टचा द क्रू कसा विसरता. २०१४ चा गाड्यांचा गेम, एकट्याने खेळला तरी सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, म्हणजे गेम बंद. आणि त्यानंतर लोकांच्या खात्यातून लायसनही काढून घेतलं. डीव्हीडी कपाटात आहे, तिचा चहाच्या कपाखाली ठेवायला उपयोग.

त्यावरूनच रॉस स्कॉट या यूट्यूबवाल्याने 'स्टॉप किलिंग गेम्स' सुरू केलं. मागणी साधी आहे. सर्व्हर बंद करा, पण जाताना गेम चालेल अशा स्थितीत सोडून जा. युरोपियन युनियनमध्ये नागरिकांचा अर्ज दाखल झाला, १० लाख सह्या हव्या होत्या. वर्षभर रखडला आणि जुलै २०२५ ची मुदत संपता संपता आकडा पार झाला. द क्रू २ ला ऑफलाइन मोड देऊ असं युबिसॉफ्टने आधीच, २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. म्हणजे बोंब मारली की होतं.

पिक्सेल_पाटलीण | शनिवार, २२:२०

मागणीला माझा पाठिंबा, पण 'साधी' म्हणू नका. सर्व्हरच्या कोडमध्ये दुसऱ्या कंपन्यांची लायसन घेतलेली साधनं असतात, ती लोकांना वाटता येत नाहीत. संपलेल्या गेमवर माणसं बसवायला पैसे कोणी देत नाही. हे काम करायचं तर गेम बनवताना पहिल्या दिवसापासून ठरवावं लागतं. कायदा आला तर ठरवतील. तोवर मॅनेजरला सांगून बघा!

मोरावळा | रविवार, ०९:१०

एक भाबडा प्रश्न. माझ्याकडे त्या जुन्या सीड्या आहेत, सगळ्या ओरिजिनल, नवऱ्याने हौसेने घेतलेल्या. त्या चालत नाहीत म्हणून मी नो-सीडी (सीडी न मागणारा) क्रॅक टाकला तर पोलीस येतील का? आणि दुसरा, आमच्यानंतर स्टीमचं खातं लेकीला मिळतं का?

कलम_बहादूर | रविवार, १०:४८

वाचत होतो, पण आता बोलावंच लागेल. (हा सल्ला नव्हे, गप्पा आहेत. फी लागू नाही.)

आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, २०१२ साली कलम ६५-अ घातलं. हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूने जो तांत्रिक संरक्षण तोडतो, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यात 'उल्लंघनाच्या हेतूने' हे शब्द कळीचे आहेत. अमेरिकेच्या कायद्यात प्रोटेक्शन तोडणं हेच मुळात बेकायदा आणि अपवाद वेगळे मागून घ्यावे लागतात. आपल्याकडे हेतू बघतात. शिवाय कायद्याने मनाई नसलेल्या कारणासाठी केलेली गोष्ट या कलमातून वगळलीय. दुसरीकडे कलम ५२(१)(एए) सांगतं की कॉम्प्युटर प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीर आहे, त्याला ती खराब होण्याच्या, नष्ट होण्याच्या भीतीने स्वतःपुरता बॅकअप करता येतो.

दोन्ही एकत्र वाचलं तर मोरावळाताई, स्वतःच्या अस्सल सीडीवरचा स्वतः विकत घेतलेला गेम चालावा म्हणून केलेल्या खटपटीला बचाव चांगला आहे. मात्र क्रॅक कुठून उतरवला, त्यात दुसऱ्याची फाइल बदलून वाटलेली आहे का, हा प्रश्न वेगळा आणि अडचणीचा. आणि फौजदारांसाठी: कलम ६३-ब. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. फायद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं.

दुसरा प्रश्न. स्टीमच्या करारात खातं हस्तांतर करता येत नाही असं स्पष्ट लिहिलंय. मृत्युपत्रात लिहिलंत तरी त्यांच्या लेखी त्याला अर्थ नाही. भारतीय कोर्टाने काय म्हणावं हा पुढचा विषय, पण हजार रुपयाच्या गेमसाठी कोर्टात कोण जाणार?

फुकट_फौजदार | रविवार, ११:०२

सात दिवस म्हणजे दिवाळीची सुट्टी झाली.

कलम_बहादूर | रविवार, ११:१५

आत कॉम्प्युटर नसतो हो.

वॉर्सातला_वऱ्हाडी | रविवार, १३:३६

मोरावळाताई, क्रॅकच्या भानगडीत काऊन पडता? आधी गॉगवर बघा तोच गेम आहे का. जुने बरेच आहेत, विंडोज १०-११ वर चालतील असे दुरुस्त करून ठेवलेले, आणि सेलमध्ये वडापावच्या भावात. सीड्या शोकेसमध्ये राहू द्या.

मोरावळा | रविवार, १४:०८

बघितलं! यादीतले निम्मे सापडले. घेतले पण तीन. आता 'ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर' लिहिलंय तेच उतरवायचं ना? एकेका गेमच्या बऱ्याच फायली दिसतायत.

रात्रपाळी | रविवार, १४:३०

हो, तेच. एक ईएक्सई आणि गेम मोठा असेल तर बाकीच्या बिन फायली. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि नावं बदलू नका, नाही तर ईएक्सईला त्या सापडणार नाहीत. एकेक फाइल ४ जीबीच्या आत असते, त्यामुळे जुना पेनड्राइव्हही चालतो. उतरवून झालं की एकदा नेट बंद करून इन्स्टॉल करून बघा, मगच बाहेरच्या हार्डडिस्कवर टाका.

मोरावळा | रविवार, १४:४४

आणि हार्डडिस्क लेकीच्या नावाने लेबल लावून ठेवते. कलमबहादूर, याला तर कोणाची हरकत नाही ना?

कलम_बहादूर | रविवार, १५:२०

कागदोपत्री लायसन तिथेही तुमच्या एकटीच्याच नावावर आहे. पण कपाटातली हार्डडिस्क उघडून बघायला पोलंडहून कोणी येत नाही.